लाईनमनच्या घरची लाईन

उकंडराव हे माझे भाऊजी. माझ्या थोरल्या बहिणीचे, शालूबाईचे मालक. मोताळा तालुक्यात त्यांनी तेहतीस वर्षं लाईनमनची नोकरी केली. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, तरी गावात त्यांना अजून लाईनमनच म्हणतात. माणूस नेक, कामाला वाघ, पण हट्टी. त्यांच्या ‘नाही’चं ‘हो’ करणारा अजून जन्माला यायचा आहे. मी पोस्टात होतो, आणि माझंही डोकं लवकर तापतं. त्यामुळे आम्हा दोघांचं रोज भांडण होतं आणि रोज संध्याकाळी चहाही बरोबरच होतो. घरं एकाच गल्लीत आहेत, जाणार कुठे!

भाऊजींची एक सवय आधी सांगायला पाहिजे. लाईनीचं काम निघालं की ते पहिले फ्यूज काढायचे. चिनी मातीचा तो पांढरा ठोकळा, ज्याला आमच्याकडे कटआउट म्हणतात, तो खाकी शर्टाच्या खिशात टाकायचे, खिशाचं बटण लावायचे आणि मगच कामाला हात घालायचे. कटआउट कुणाच्या हातात द्यायचा नाही, कशावर ठेवायचा नाही. स्वतःच्या खिशात म्हणजे खिशात. घरचा पंखा पुसायचा असला तरी हाच कायदा.

या कायद्याला कारण होतं. नोकरीच्या चौथ्या वर्षी त्यांचा जोडीदार भागवत सत्तेचाळीस नंबरच्या पोलवर चढला होता. फ्यूज खाली इंद्रभानजवळ होते. इंद्रभान देऊळघाटचा, तोही लाईनमनच. त्याने फ्यूज पेटीवर ठेवले आणि तो पाणी प्यायला विहिरीवर गेला. तेवढ्यात ज्याचं शेताचं भिजवण अडलं होतं अशा कुणीतरी येऊन ते लावून दिले. भागवत पोलवरच गेला. त्या दिवसानंतर भाऊजींनी आपला फ्यूज बायकोच्यासुद्धा हातात दिला नाही. इंद्रभानला ते कधी काही बोलले नाहीत, आणि त्याच्यासमोर भागवतचं नावही त्यांनी कधी काढलं नाही.

आता कॉम्प्युटर. तो भाऊजींच्या मुलीचा, पुष्पांजलीचा. ती नाशिकला शिक्षिका आहे. नवा लॅपटॉप घेतल्यावर तिने हा जुना मोठा सेट बापाकडे पाठवून दिला. भाऊजींनी त्याच्यासाठी पुढच्या खोलीत वेगळी लाईन ओढली, वेगळा बोर्ड बसवला, त्याचा वेगळा कटआउट दरवाजाच्या मागे उंचावर लावला. अंगणात खड्डा खणून मीठ आणि कोळसा घालून वेगळी अर्थिंग केली. एवढी सरबराई त्यांनी जावयाचीही केली नव्हती. लाईन गेली तर असावा म्हणून बॅटरीचा डबा घ्या म्हटलं, तर मला म्हणाले, “लाईनमनच्या घरी ब्याटरी? लोकं हासतीन बे.”

वयाच्या सहासष्टाव्या वर्षी ते मराठी टायपिंग शिकले. सकाळी अंघोळ झाली की खोलीचं दार ओढून तासभर बसायचे. शालूबाईला वाटायचं, नोकरीच्या आठवणी लिहून राहिले आहेत. खरं काय ते फक्त मला माहीत होतं.

मागच्या दिवाळीनंतर आम्ही दोघं बुलढाण्याला डॉक्टरांकडे गेलो होतो. घरी सांगितलं की माझी दाढ दुखते. भाऊजी विसरू लागले होते. जुनं सगळं लख्ख होतं, कुठल्या शेतात कुठला पोल ते झोपेतून उठवून विचारा. पण कालचं आज राहत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, ही सुरुवात आहे, गोळ्या घ्या, रोजच्या रोज लिहीत जा आणि वाचत जा. खाली उतरल्यावर भाऊजींनी माझा दंड धरला. “शेषराव, तुह्या बहिणीले सांगू नको. ते रडन, अन् मंग मले घरातून बाहेर निघू देनार नाही.” मी हो म्हटलं. तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं होतं.

वहीत लिहिलं असतं तर शालूबाईच्या हाती लागली असती. म्हणून कॉम्प्युटर. पासवर्डात सत्तेचाळीस आकडा, कारण तो ते या जन्मात विसरणार नव्हते. आत काय होतं ते त्यांनी मला एकदाच दाखवलं. ‘शालूची बीपीची गोळी सकाळी चहानंतर, पांढरी.’ ‘पुष्पांजलीचा मोठा शिवम, सातवीत, त्याला क्रिकेटचं विचारणे.’ ‘देऊळघाटचा इंद्रभान बाजारात भेटतो. पाय अधू. भागवतचा विषय काढू नये.’ अशी पानंच्या पानं. रोज सकाळी ती वाचायची, जे झालं ते त्यात घालायचं, आणि मग टोपी घालून गावात निघायचं. अकरा महिने हे चाललं, आणि गावात कुणाला शंका आली नाही.

आणि एका रविवारी सकाळी कॉम्प्युटर सुरूच झाला नाही.

मला बोलावणं आलं. जाऊन पाहतो तर भाऊजी खुर्चीत ताठ बसलेले आणि बोट बटणावर. “काल चालत होता,” ते म्हणाले. “काल सकाळी मी लिवलं त्याच्यात. काय लिवलं ते आठवत नाही, पन लिवलं.” मी बटण दाबून पाहिलं. ना दिवा, ना आवाज. मागच्या वायरी हलवून पाहिल्या, पडद्याची पिन काढून घातली, डब्याला दोन चापट्याही मारल्या. पोस्टातला जुना प्रिंटर चापटीनेच चालायचा, म्हणून मला वाटलं चालेल. पण हा ढिम्म.

बुलढाण्याला अश्वजितचं दुकान आहे. पस्तिशीचा माणूस, सरकारी ऑफिसांचे कॉम्प्युटर तोच पाहतो, उगाच नवं सामान गळ्यात मारत नाही. त्याला फोन लावला. त्याने एकेक करून विचारलं. मागचं छोटं बटण चालू आहे का? आहे. पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा. धरलं. रॅमची पट्टी काढून खोडरबराने पुसता येईल का? शालूबाईने कुठून तरी नातवाचं खोडरबर शोधून आणलं, मी पट्टी पुसली, परत बसवली. काही नाही. मग तो बिचारा म्हणाला, “काका, लाईन हाय ना पन घरात?”

फोन स्पीकरवर होता. भाऊजींचा चेहरा लाल झाला. “लाईनमनच्या घरी फोन करून इचारतं काय, लाईन हाय का म्हून?” असं म्हणत ते उठले, कपाटावरचा टेस्टर घेतला आणि दाराजवळच्या दिव्याच्या बोर्डात खुपसला. टेस्टर लाल पेटला. “पाह्य! सप्लाय हाय. फाल्ट मशीनीत हाय.” त्यावर अश्वजितने काका, सॉरी, असं म्हटलं आणि डबा दुकानात आणायला सांगितलं. त्यानंतर लाईनीचा विषय कुणी काढला नाही. मीही नाही.

सोमवारी आम्ही एस.टी.ने निघालो. सीपीयू चादरीत बांधून भाऊजींनी मांडीवर घेतला होता. राजूर घाटात प्रत्येक वळणाला ते त्याच्यावर दोन्ही हात ठेवायचे. कंडक्टरने विचारलं, काका, देव नेऊन राह्यले का? मी म्हटलं, तेच समजा.

दुकानात अश्वजितने वायर लावली, बटण दाबलं, आणि कॉम्प्युटर सुरू झाला.

आम्ही तिघं त्याच्याकडे पाहत उभे. पंखा फिरतो आहे, पडद्यावर पुष्पांजलीने लावलेलं सूर्यफुलांचं शेत दिसतं आहे, खाली पासवर्डचा चौकोन. भाऊजींनी हात पुढे केला आणि मागे घेतला. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोर ती पानं कशी उघडणार? अश्वजितने दोनदा बंद करून चालू केला. दोन्ही वेळा बिनतक्रार. “काका, याले काईच झालं नाही,” तो म्हणाला. मला बरं वाटलं आणि थोडी लाजही वाटली.

घरी आणला, लावला, बटण दाबलं. बंद.

मी अश्वजितवर फोनवर ओरडलो. तो म्हणाला, घाटातल्या हादऱ्याने आत काही ढिलं झालं असेल. बुधवारी परत नेला. परत सुरू झाला. त्याने आतलं सगळं घट्ट केलं, वायरही नवी दिली, आणि घाट उतरताना आम्ही डबा उशीवर ठेवला. घरी आल्यावर परत बंद. आता मात्र माझं डोकं चालेना. शालूबाई म्हणाली, “घाटावर थंडं हाय, आपल्याइथं घाटाखाली उकाडा. त्याले इथली हवा मानवत नसन.” मी हसलो, पण खरं सांगतो, माझ्याजवळ याहून बरं कारण नव्हतं. मी म्हटलं, सैपाकघरातल्या बोर्डावर लावून पाहू. तर भाऊजी उसळले. “थो कॉम्प्युटर हाय, मिक्सर नाही. अर्थिंग फक्त इथंच हाय. दुसरीकडे लावाचा नाही म्हंजे नाही.” मी जास्त बोललो नाही. बोललो असतो तर बरं झालं असतं.

तोवर भाऊजींची पानं वाचणं पाच दिवस बंद होतं. सकाळी ते बंद पडद्यासमोर जाऊन बसायचे. एकदा शालूबाईची गोळी त्यांनी दोनदा काढून दिली, तिनेच हसून परत ठेवली. मी माझ्यापरीने कागदावर चार गोष्टी लिहून त्यांच्या खिशात घातल्या, तर म्हणाले, “तुले काय माईत माह्या डोक्यात काय होतं?” खरंच होतं ते. त्यांचं त्यांनाच माहीत, आणि आता त्यांनाही नाही.

आठवडी बाजाराच्या दिवशी ते नको नको म्हणत असताना मी त्यांना ओढून नेलं. मला वाटलं, माणसांत आले की खुलतील. मिरच्यांच्या रांगेत लंगडत इंद्रभान आला. तोंडभर हसून म्हणाला, “काय उकंडराव, ओळखच देऊन नाही राह्यले?”

भाऊजी हसले. ते हसू मी ओळखत होतो, समोरचा कोण ते सापडेपर्यंत धरून ठेवायचं हसू. मग त्यांना काहीतरी सापडलं. “हाव हाव, बरं हाय ना? अन् भागवत कसा हाय? दिसला नाही लय दिवसात.”

इंद्रभानच्या हातातली पिशवी खाली गेली. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग भाऊजींकडे. अडतीस वर्षांनी हा माणूस आपल्याला टोमणा मारतो आहे असंच त्याला वाटलं असणार. तो वळला आणि लंगडत गर्दीत निघून गेला. मी त्याच्या मागे धावायला पाहिजे होतं.

घरी येताना भाऊजी अर्ध्या रस्त्यात थांबले. “शेषराव, मी काई चुकीचं बोललो काय?” मी म्हटलं, नाही. मग ते म्हणाले, “थो डब्बा चालू कर बावा. कसंबी कर.” हा माणूस तेहतीस वर्षांत वरच्या साहेबापुढे कधी वाकला नव्हता, आणि माझ्यापुढे हात जोडत होता.

मी अश्वजितला फोन केला. ओरडलो नाही, फक्त या म्हटलं. शुक्रवारी सकाळी तो गाडीवर घाट उतरून आला. बॅग खाली ठेवली, पाणी प्यायला, आणि कॉम्प्युटरला हातच लावला नाही. बोर्डावरून जाणारी वायर डोळ्यांनी पाहत पाहत तो दाराकडे गेला. दाराच्या मागे खुंटीला भाऊजींचा जुना खाकी शर्ट टांगलेला होता. घरची कामं ते तो घालूनच करायचे. अश्वजितने शर्ट बाजूला केला.

मागे कटआउटची पेटी होती, आणि पेटी रिकामी होती.

“काका,” तो हळूच म्हणाला, “याचा कटआउट कुठं हाय?”

भाऊजी जवळ आले. त्यांनी ती रिकामी खाच पाहिली. मग त्यांचा उजवा हात आपोआप छातीवर गेला, पांढऱ्या सदऱ्याच्या खिशावर. तिथे काही नव्हतं. त्यांनी खुंटीवरच्या शर्टाकडे पाहिलं. खिशाचं बटण लावलेलं होतं. ते काढायला त्यांना वेळ लागला. आतून तो पांढरा ठोकळा निघाला.

आता मला तो टेस्टर आठवला. रविवारी तो त्यांनी दिव्याच्या बोर्डात घातला होता, कॉम्प्युटरच्या बोर्डात नाही. मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण लाईनमनला लाईनीतलं कोण सांगणार, म्हणून तोंड मिटून बसलो. अश्वजितही तसाच गप्प बसला असणार. आम्ही दोघांनी भाऊजींचा मान राखला आणि देव न्यावा तसा डबा घाटातून दोनदा वर-खाली केला.

भाऊजींनी कटआउट बसवला. बटण दाबलं. सूर्यफुलांचं शेत आलं. त्यांनी पासवर्ड घातला, एकदाही न चुकता, आणि घाईघाईने आपली पानं उघडली. तहानलेला माणूस तांब्याला तोंड लावतो तशी. आम्ही खोलीत आहोत हेही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. सगळ्यात शेवटी शनिवारचा मजकूर होता.

शालूबाई चहा घेऊन आली होती. ती सातवी शिकलेली आहे, आणि वाचायचं असलं की मोठ्याने वाचते. ती त्यांच्या पाठीमागे उभी राहून वाचू लागली.

“शनिवार. शालू भजनाच्या बायांसोबत शेगावला गेली. कॉम्प्युटरचा प्लग ढिला झाला आहे. आता मशीन बंद करून काम काढतो. कटआउट खाकी शर्टाच्या खिशात ठेवतो. काम झाल्यावर परत लावणे. विसरू नये.”

भाऊजींनी लिहून ठेवलं होतं. बरोबर तेच, बरोबर तिथेच लिहून ठेवलं होतं, आणि मग त्याचीच लाईन काढून खिशात घातली होती.

शालूबाईने कप टेबलावर ठेवला. तिचे डोळे पडद्यावर वर सरकत गेले. आपलं नाव, आपल्या गोळ्या, नातवाचं नाव, इंद्रभान. “शिवमचं नाव कायले लिवून ठेवलं?” तिने विचारलं. “तुमाले माईत नाही काय?”

भाऊजी पडद्याकडेच पाहत म्हणाले, “मी भुलून राह्यलो, शालू. दिवाळीपासून.”

ती रडेल असं आम्हा दोघांना वाटत होतं. ती रडली नाही, भडकली. “अन् हे त्या डब्ब्याले सांगितलं? मले नाही? येका वरसापासून त्या डब्ब्याले माईत हाय अन् मले माईत नाही?” मग माझ्याकडे वळली. “अन् तुले माईत होतं! दाढ दुखते म्हने!” अश्वजित आपल्या बॅगेची चेन उघडत-लावत बसला होता. तो बाहेर जाईपर्यंत तरी तिने थांबायला पाहिजे होतं असं मला वाटलं, पण ते सांगायची माझी लायकी नव्हती. पुढे आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

त्याच दुपारी मी एकटाच देऊळघाटला गेलो आणि इंद्रभानला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, “मले वाटलं, आता कुठं त्यायनं मनातलं काढलं.”

मागच्या मंगळवारची गोष्ट. तो प्लग परत ढिला झाला होता. मी गेलो तेव्हा भाऊजी स्टुलावर उभे होते, अंगात खाकी शर्ट. त्यांनी कटआउट काढला. हात खिशाकडे गेला. तिथेच थांबला. मला वाटलं, आता काय करायचं तेच विसरले.

“शालू,” त्यांनी हाक मारली.

ती भाकरी थापत होती, पिठाचे हात घेऊन तशीच आली. भाऊजींनी वाकून कटआउट तिच्या तळहातावर ठेवला. “काम झाल्याबिगर देजो नको कोनाले,” ते म्हणाले. “मलेबी नाही.”

तिने मूठ मिटली. चुलीवरची भाकरी करपल्याचा वास येत होता, पण काम होऊन ते स्टुलावरून खाली उतरेपर्यंत शालूबाई तिथून हलली नाही.